पुरातल्या घड्याळांचा डबा

जनीची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आहेत, आता डायलिसिसशिवाय इलाज नाही, असं महाडच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा रावजी उतेकरांनी विचारलं, "मग शेळ्या कोन चारनार?"

प्रश्न वेडेपणाचा नव्हता. दर मंगळवारी आणि शुक्रवारी पोलादपूरच्या वरच्या डोंगरातल्या वाडीतून खाली उतरायचं, मिनीडोरमध्ये दाटीवाटीने बसून पोलादपूर गाठायचं, तिथून एसटीने महाडला यायचं, चार तास मशीनवर रक्त धुऊन घ्यायचं आणि तसंच परत वर चढायचं. त्या दोन दिवसांत घरी माणूस नाही. आणि शेळ्या जनीच्या होत्या. माहेराहून आणलेल्या एका पाटीपासून, म्हणजे शेळीच्या पिल्लापासून, तिने त्या वाढवल्या होत्या. डॉक्टर वयाने लहान होते. ते म्हणाले, "शेळ्यांचं काहीतरी बघा काका. पण यांचा दिवस चुकवायचा नाही. एकसुद्धा."

शेळ्या शेजारच्या रंगूबाईच्या दावणीला गेल्या. जनी पहिले काही दिवस संध्याकाळी ओट्यावर बसून त्यांना लांबूनच हाका मारायची. शेळ्या मान वर करून बघायच्या आणि पुन्हा चरायला लागायच्या.

रावजी तरुणपणी मुंबईला गेले होते. भायखळ्याच्या एका छापखान्यात त्यांनी पुस्तकं बांधायचं काम केलं. छापखाना बंद पडला तेव्हा ते वाडीत परतले आणि भात, नाचणी, जनीच्या शेळ्या यांत रमले. हाताला काम नसताना बसून राहणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. आता मात्र डायलिसिसच्या खोलीबाहेर, भिंतीला लावलेल्या लोखंडी बाकावर, बसूनच राहायचं होतं. आत जनी आडवी, हातात दोन सुया, शेजारी फिरणारं मशीन. बाहेर रावजी. बाकावरचे बाकीचे लोक मोबाईल बघायचे किंवा झोपायचे. रावजींनी खोलीच्या दाराची बिजागरी तपासली, बाकाचा हलणारा पाय कागदाची घडी घालून पक्का केला, आणि मग त्यांच्याकडे करण्यासारखं काही उरलं नाही. शेवटी आतली सिस्टर म्हणाली, "आजोबा, जरा बाजारात फिरून या ना. आजींना आम्ही बघतो."

बाजारात त्यांना काही घ्यायचं नव्हतं. पण त्या दिवशी त्यांच्या घड्याळाच्या पट्ट्याची पिन निघून पडली आणि समोरच्या गल्लीत घड्याळाचा गाळा होता.

गाळा एवढासा होता. आत सोनाली नावाची चाळिशीची बाई बसायची. दुकान तिच्या सासऱ्यांचं. सासरे गेल्यावर ते बंदच करायचं ठरलं होतं, पण सासऱ्यांच्या हाताखाली बसून बसून हिला काम येत होतं, म्हणून हिने चालू ठेवलं. नवरा एमआयडीसीत पाळीवर. तिने मान वर न करता सांगितलं, "उजेड अडवू नका. बाजूला उभे राहा."

रावजी बाजूला सरले. तिच्या उजव्या डोळ्यावर काळ्या नळीसारखं भिंग बसवलेलं होतं. घड्याळवाले त्याला आयग्लास म्हणतात. समोर एका उघड्या घड्याळाच्या पोटात एक बारीक पितळी चाक इकडून तिकडे, तिकडून इकडे झुलत होतं, आणि त्याच्यावर केसाएवढी एक कमान उघडत मिटत होती. पिन बसवून झाली तरी रावजी हलले नाहीत.

"आणखी काय?" सोनालीने विचारलं.

"काय नाय. हे बघतोय."

शुक्रवारी ते पुन्हा गेले. घड्याळ मागे पडतंय असं म्हणाले. सोनालीने ते कानाला लावलं, उघडून पाहिलं, बंद करून परत दिलं. "काही मागे पडत नाही तुमचं. समोर कोण आहे ॲडमिट?"

"बायको. डायलिसिसला."

तिने काउंटरखालचं स्टूल पायाने बाहेर ढकललं. "बसा. पण बोलू नका, माझा हात हलतो."

अशी सुरुवात झाली. पुष्कळ दिवस ते नुसते बघत होते. मग एकदा सोनालीने त्यांच्यासमोर दोन झाकणं ठेवली, एकात स्क्रू, दुसरं रिकामं, आणि हातात चिमटा दिला. "हे यातून त्यात टाका."

स्क्रू मोहरीच्या दाण्याहून लहान होते. चिमटा जोरात दाबला की स्क्रू टिचकी मारल्यासारखा उडायचा, सैल धरला की घसरायचा. रावजींच्या हातांना जाड दोरा ओढायची, पुठ्ठा दाबायची सवय. ती सवय सोडायलाच कितीतरी आठवडे गेले. सोनाली उडालेले स्क्रू लोहचुंबकाने गोळा करायची आणि ओरडायची. मग म्हणायची, "उद्या या," आणि स्वतःच सुधारायची, "म्हणजे मंगळवारी."

परतीच्या एसटीत जनी खिडकीशी बसायची. मशीनवरून उतरल्यावर तिच्या अंगात काही उरायचं नाही. डोकं धरायचं, पाय वळायचे. रावजी तिचं डोकं आपल्या खांद्यावर घ्यायचे. एकदा अर्ध्या वाटेत ती डोळे मिटूनच म्हणाली, "आज काय शिकलाव?"

"स्क्रू उचलाय शिकतोय गो."

"अजून तेच?"

"अजून तेच."

ती हसली. तिचं हसू त्यांना खांद्यावर जाणवलं. त्यानंतर ती दर वेळी विचारायला लागली. रक्त किती, वजन किती, पाणी किती प्यायलं, याच्यापलीकडची तेवढी एकच बातमी त्यांच्याकडे असायची. कोणाचं घड्याळ आलं होतं, काय बिघडलं होतं, सोनाली काय बोलली. रावजी सगळं सांगायचे, आणि सांगायला मिळावं म्हणून आणखी नीट बघायचे.

चिमटा हातात बसला तेव्हा सोनालीने मागच्या फळीवरून बिस्किटांचा एक गंजलेला डबा काढला. एकवीस सालच्या पुरात महाडच्या बाजारात पाणी भरलं होतं, तेव्हा या गाळ्याच्या छपरापर्यंत गेलं होतं. दुरुस्तीला आलेली सगळी घड्याळं चिखलात गेली. काही गिऱ्हाइकं आली, काही आलीच नाहीत. जी राहिली ती या डब्यात होती. सोनालीला ती टाकवत नव्हती आणि बघवतही नव्हती.

"यातलं कुठलंही उघडा," ती म्हणाली. "यापेक्षा जास्त तुम्ही बिघडवू शकणार नाही."

डबा वाडीत आला. जनीने घड्याळं उघडून मांडायला आपल्या जुन्या लुगड्याचा पांढरा तुकडा काढून दिला. खिडकीखालच्या पाटावर तो अंथरून रावजी बसायचे. हत्यारं एकेक करून जमत गेली. मागचं झाकण उचलायची आखूड सुरी. काटे वर काढायची दोन बारीक पहारींसारखी जोडी. धूळ उडवायचा रबरी फुगा. चाकं धुवायच्या पेट्रोलसाठी झाकणाची बाटली आणि लहान मुलांचा रंगकामाचा ब्रश. तेल लावायची सुई मात्र रावजींनी स्वतः केली. पोत्याची सुई घासून घासून टोकाला चपटी केली, तिच्यावर तेलाचा थेंब नाही, थेंबाचा नुसता ठिपका यायला हवा. सोनालीने ती उजेडात फिरवून पाहिली आणि काही न बोलता परत दिली. रावजींनी ते जनीला सांगितलं तेव्हा जनी म्हणाली, "म्हंजे आवडली तिला."

आयग्लास त्यांची मुलगी सारिकाने मुंबईहून पाठवला. सारिका मुंबईजवळ दिव्याला राहायची, एका खाजगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती. आईचे सगळे रिपोर्ट ती मोबाईलवर मागवायची, आकडे बघायची आणि बापाला झापायची. "आबा, पोटॅशियम वाढलंय. केळं दिलंत का तिला? भाजी उकळून पाणी फेकता ना?" आयग्लासबरोबर तिने रंगीत टोप्यांच्या स्क्रू ड्रायव्हरचा संचही घातला होता. "तुमचा टाइमपास छान आहे, पण आईकडे लक्ष ठेवा," असं म्हणाली होती.

तो आयग्लास पहिल्यांदा जनीने डोळ्याला लावला. तांदळातला किडा बघितला. रावजींचा अंगठा बघितला. मग तिने स्वतःचा डावा हात बघितला. तिथे सुया टोचायला डॉक्टरांनी शीर जोडून फुगवून ठेवलेली होती. दोरखंडासारखी वर आलेली ती शीर, तिच्यावर टोचल्याच्या खुणा. ती बराच वेळ बघत होती.

"काय दिसतंय?" रावजींनी विचारलं.

"रस्ता," ती म्हणाली. "खड्डे पडलेला. हात लावा, बघा मशीन चालू हाय का."

त्यांनी बोट ठेवलं. कातडीखाली रक्त झुणझुणत होतं.

डब्यातलं पहिलं घड्याळ चालू झालं ते एक बायकांचं, चावीचं, बारीक गोल तबकडीचं. आतला चिखल दगडासारखा झाला होता. तो काढायला, चाकं धुवायला, पुन्हा बसवायला रावजींना अख्खा हिवाळा लागला. शेवटचा स्क्रू फिरवून त्यांनी चावी दिली आणि ते झुलणारं चाक जरा अडखळून हललं. रावजी ओरडलेच. जनी चुलीपुढून उठून आली, कान लावून ऐकलं. पहाटे ते बंद पडलं होतं. रावजी तोंड पाडून बसले.

"रात्रभर चालला ना?" जनी म्हणाली. "चार साल चिखलात होता बिचारा. दमला असंल."

दुसऱ्या वर्षी जनीची तब्येत उतरत गेली. हातातली शीर बंद पडली. गळ्यात नळी घालावी लागली, ती पिकली, ताप आला, दुसरी घालावी लागली. हृदय कमजोर झालंय असं डॉक्टर म्हणाले. आता एसटीत ती घड्याळांचं विचारायची, पण रावजी सांगत असताना अर्ध्यातच झोपून जायची. रावजी सांगणं थांबवायचे नाहीत. आवाज बारीक करून पुढे सांगत राहायचे.

आषाढात वाडीचा रस्ता खचला. डोंगराचा एक काठ झाडांसकट खाली आला आणि मिनीडोर यायची बंद झाली. मंगळवार चुकला. दोन दिवसांत जनीला आडवं पडून श्वास घेता येईना. वाडीत धडधाकट माणसं मोजकीच, बाकी सगळी मुंबईला. तरी जे होते ते आले. रंगूबाईचा नवरा सोनबा, दोन म्हातारे, आणि बाया. घोंगडीची डोली केली, बांबूला बांधली, आणि पावसात, चिखलातून, कोसळलेल्या मातीवरून तिला खाली उतरवलं. रंगूबाई पुढे चालत कोयत्याने वाट करत होती. महाडला पोचेपर्यंत जनीचे ओठ निळे पडले होते. त्या वेळी ती वाचली.

मिनीडोर जाण्यापुरता रस्ता मोकळा झाल्यावर घरी आणली त्या दिवशी दुपारी ऊन पडलं होतं. जनी ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. रावजी पाटावर हत्यारं मांडत होते.

"अवो," ती म्हणाली, "आता पुरे."

"काय पुरे?"

"महाडला जानं पुरे. मी नाय जायाची आता."

रावजींनी हातातली सुरी खाली ठेवली. "डोका फिरला का तुजा?"

"दमले मी. एक दिस मशीनवर जातो, एक दिस त्याच्या दमनुकीत जातो, मग एक दिस जरा बरा वाटतो तर पुन्हा जायाचा असतो. त्या डोलीत मला वाटला, मेले तर बरा. या म्हाताऱ्यांच्या खांद्यांवरना तरी उतरेन." ती थांबली, दम घेतला. "मला घरी ऱ्हाऊ द्या. जेवडे दिस हायत तेवडे घरी."

"आनि मी?" रावजी म्हणाले.

जनीने त्यांच्याकडे बघितलं. "तुमी काय," ती म्हणाली, "तुमाला सोनाली बसू देती." आणि मग तिलाच रडू आलं. दोघं तिथेच बसून रडली.

रावजी भांडले, समजावत राहिले, दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. मग शुक्रवारी दोघं महाडला गेली ती डॉक्टरांशी बोलायला. डॉक्टरांनी जनीला पुन्हा पुन्हा विचारलं. मशीन बंद केल्यावर काय होईल हे स्पष्ट सांगितलं. फार तर दोन आठवडे. अंगात पाणी साठेल, झोप येत राहील, दम लागू शकेल. दमावर औषध देऊन ठेवलं. रावजींना बाजूला घेऊन म्हणाले, "काका, हे त्यांचं त्यांनी ठरवलंय. तुम्ही त्यांना मारताय असं समजू नका." रावजींनी मान हलवली. बाहेर पडल्यावर त्यांनी समोरच्या गल्लीकडे बघितलंसुद्धा नाही.

सारिकाला जनीने स्वतः फोन केला. सारिकाने पुरतं ऐकून घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी ती वाडीत होती.

"तुम्ही हो कसं म्हणालात?" ती बापावर ओरडली. "ती आजारी आहे, डिप्रेशनमध्ये आहे, तिला कळतंय का ती काय बोलतेय ते? आणि तुम्ही घड्याळं जोडत बसा!"

"तिला कळतंय," रावजी म्हणाले.

"मुंबईला मोठी हॉस्पिटलं आहेत. मी घेऊन जाते तिला."

"इचार तिला."

सारिकाने आईला विचारलं, विनवलं, पाया पडली. जनी तिच्या केसांतून हात फिरवत राहिली आणि नाही म्हणत राहिली. घरात सारखं हेच चाललं होतं. रंगूबाई यायची, दारात उभी राहायची, आणि निघून जायची.

सारिका आल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी जनीने पाणी मागितलं. दोन वर्षं ती पाणी वाटीने मोजून पीत होती. उन्हाळ्यात जीभ कोरडी पडली तर बर्फाचा खडा तोंडात धरायची. रावजींनी झऱ्याचं ताजं पाणी तांब्या भरून आणलं आणि तिच्या हातात दिलं. तिने तांब्या दोन्ही हातांनी धरला, तोंडाला लावला. घटाघटा आवाज आला. तेवढ्यात सारिका आतून आली आणि तिने तांब्या हिसकावला. निम्मं पाणी अंथरुणावर सांडलं.

"तुम्ही तिला पाण्याने मारताय!" ती बापाला म्हणाली. "आबा, हे पाणी तिच्या छातीत जाणार आहे! मी लॅबमध्ये काम करते, मला माहितीय!"

"मलाबी माहीत हाय," रावजी म्हणाले.

जनीने हात पुढे केला. "दे गो," ती म्हणाली. "दे. तान लागली."

सारिकाने तांब्या दिला नाही. तो जमिनीवर आपटून ठेवला आणि पिशवी उचलली. मुंबईतल्या एका हॉस्पिटलात ओळख होती, ती बेड मिळवणार होती, ॲम्ब्युलन्स घेऊन येणार होती. "मी आले की तिला घेऊन जाणार. कोण अडवतं बघते," असं म्हणून ती वाडी उतरून गेली.

तिने खरोखर बेड मिळवला. पाचव्या दिवशी दुपारी ॲम्ब्युलन्स पोलादपूरवरून डोंगराकडे वळली. खचलेल्या जागी रस्ता अजून अर्धाच झाला होता, गाडी तिथेच थांबली. सारिका उतरून चालत वर निघाली. वळणावर तिला रंगूबाई भेटली. रंगूबाई खाली तिलाच सांगायला येत होती. तिला काही बोलावं लागलं नाही. सारिका मातीच्या ढिगावर बसली आणि लहान मुलासारखी ओरडून रडली. ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर खाली उभा राहून वर बघत होता.

तेराव्यापर्यंत सारिका राहिली, पण बापाशी बोलली नाही. जाताना एवढंच म्हणाली, "एक दिवस. एक दिवस थांबवायला हवं होतं तिला तुम्ही." तिचा फोन त्यानंतर आला नाही, आणि त्यांनी केला तर ती उचलत नव्हती. जावई उचलायचे, बरी आहे म्हणायचे.

हत्यारं रावजींनी लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून माळ्यावर टाकली. भात कापायचं होतं ते कापलं. मंगळवार आला की सकाळी लवकर जाग यायची, ते उठून बसायचे, आणि मग कुठे जायचं नाही हे लक्षात यायचं.

दिवाळीनंतर ते डबा परत द्यायला महाडला गेले. सोनालीला कळलं होतं. समोरच्या सिस्टरने सांगितलं होतं. तिने डबा घेतला नाही. "त्यात आणखी कितीतरी आहेत उघडायची," ती म्हणाली, आणि स्टूल पुढे केलं. रावजी बसले. ती पुन्हा कामाला लागली तेव्हा त्यांनी विचारलं, "मी चुकलो का गं?"

सोनालीने आयग्लास काढला. "मला नाही माहीत, काका," ती म्हणाली. "माझ्या सासऱ्यांना आम्ही शेवटपर्यंत व्हेंटिलेटरवर ठेवलं. ते हातानं नळी काढायला बघायचे, म्हणून हात बांधले होते. ते बरोबर केलं का, तेही मला अजून माहीत नाही." तिने पुन्हा डोळ्याला आयग्लास लावला. "तो पिवळ्या टोपीचा स्क्रू ड्रायव्हर द्या इकडे."

रावजींनी दिला. डबा ते घेऊनच परत गेले.

त्यानंतर ते अधूनमधून जाऊ लागले. घरीही पाट पुन्हा खिडकीखाली आला. काम पूर्वीसारखं व्हायचं नाही. एखादं घड्याळ चालू झालं की हात आखडायचा, कोणाला हाक मारावी कळायचं नाही. ते घड्याळ बाजूला ठेवून दुसरं उघडायचे.

वर्षश्राद्धाला सारिका आली. तिने स्वयंपाक केला, पान वाढलं, वाडीतल्या लोकांना जेवू घातलं. बापाशी कामापुरतं बोलली. दुपारी सगळे गेल्यावर रावजी पाटापाशी जाऊन बसले. हातात काहीतरी हवं म्हणून त्यांनी डब्यातलं एक घड्याळ घेतलं, झाकण उघडलं, आयग्लास लावला. सारिका भांडी घासून आली आणि उंबऱ्यावर बसली.

"आबा," ती म्हणाली, "शेवटी काय झालं? मला कोणी सांगितलं नाही."

रावजींनी मान वर केली नाही. चिमट्याने एक चाक धरलं होतं ते तसंच धरून ठेवलं.

"सांगू?"

"सांगा."

"आदल्या रातीपास्ना दम लागला होता. औषध दिला. त्यानी जरा कमी झाला, पन गेला नाय. तरास झाला तिला, सारिके. मी खोटा नाय सांगनार." त्यांनी चाक हळूच लुगड्यावर ठेवलं. "तू गेलीस त्यावर ती रागावली नव्हती. सारखी विचारायची, सारिका पोचली का, जेवली का. दुपारच्याला तुजा फोन आला रंगूबाईच्या फोनवर. तू म्हनालीस, महाडच्या अलीकडं, दासगावला आलेय. आठवतंय?"

"हो."

"मी आत जाऊन तिला सांगितला, सारिका दासगावला आली. तिनी डोळे उघडले. म्हनाली, मग भात जास्त टाका. तिच्यासंगट मानसा असतील." रावजी थांबले. "मी चुलीवर आधन ठेवला. तांदूळ धुतला, टाकला. परत आत आलो तर ती गेली होती."

सारिकाने तोंडावर पदर धरला. रावजींचा डोळा अजून आयग्लासमागेच होता, पण त्यांना समोरचं काही दिसत नव्हतं. भिंगाच्या आतून पाणी गळून त्यांच्या गालावर उतरलं.

"तेव्हाच का नाही सांगितलंत मला?" ती म्हणाली.

"तू बोलत नव्हतीस. आनि मला वाटला, हे ऐकून तुला आनखी वाईट वाटंल."

"वाटतंय," सारिका म्हणाली. "वाटतंय ना." ती रडत रडत सरकून बापाजवळ येऊन बसली. काही वेळाने तिने त्यांच्या डोळ्यावरचा आयग्लास काढला, पदराने आधी तो पुसला आणि मग त्यांचा गाल.

"मला अजून पटत नाही, आबा," ती म्हणाली. "आणखी जगली असती ती."

"असंल."

"तुम्हाला वाटतं का, जगली असती?"

रावजींनी विचार केला. "थोडी जगली असती," ते म्हणाले. "जगली असती थोडी."

संध्याकाळी तिने चहा केला. सकाळी रावजी तिला सोडायला पोलादपूरपर्यंत खाली आले. मुंबईची एसटी उशिरा आली. दोघं स्टँडवर उभी होती, मध्ये पिशवी. गाडीत चढताना सारिका म्हणाली, "होळीला येते," आणि मग खिडकीतून वाकून, "फोन करा. मी उचलते."

गाडी सुटली. रावजी गाडी वळेपर्यंत थांबले. मग पलीकडे महाडची एसटी लागली होती तिच्यात जाऊन बसले.